काळी दोनची वाटी

आम्ही धरमपेठेतल्या घरी राहायला गेलो त्या दिवशी, सामान उतरायच्या आधीच शेजारचे बापू उमरेडकर आले आणि आमच्या फाटकाला तेल घालू नका म्हणून हात जोडून उभे राहिले. नाव नाही, गाव नाही, कुठून आलात नाही. त्यांनी फाटक एकदा उघडलं, एकदा लावलं. ते मेलं करकरलं. बापूंनी सुखानं डोळे मिटले.

"पांढरी चार," ते म्हणाले. "अख्ख्या गल्लीत हे एकच फाटक सुरात आहे वं बाई. मागच्या भाडेकरूलेही सांगून ठेवलं होतं. तेलाचा थेंब घालू नका, पाया पडतो."

"हा माणूस धड दिसत नाई," सासूबाई माझ्या कानात पुटपुटल्या. त्यांना हळू पुटपुटता येत नसे. बापूंनी ते ऐकलं आणि वाईट वाटून न घेता सासूबाईंनाही पेटीवरची एक पट्टी देऊन टाकली. सासूबाई काळी तीन निघाल्या.

बापूंना ही खोड जन्मापासून. कुठलाही आवाज कानावर पडला की तो पेटीवरच्या कोणत्या पट्टीचा, हे त्यांना आपोआप कळे. आपल्याला लाल रंग लाल दिसतो ना, तितक्या सहज. आमच्या ह्यांची शिंक पांढरी सहा. माझ्या चपलेचा आवाज पांढरी पाच, पण डावीचाच. उजवी बेसूर होती. गिरणीचा भोंगा काळी एक. तो तर त्यांचा देवच. घरातली जुनी पेटी, गुरुवारच्या भजनात ते जी वाजवत ती, आधी भोंग्याशी मिळवून बघत आणि मगच पिशवीत घालत. गावातले लोक भोंग्यावर घड्याळ लावायचे, हे पेटी लावायचे.

बापू तहसील कचेरीत हेडक्लार्क होते, आणि या सगळ्याचा उलगडा त्यांनी मला कचेरीच्याच भाषेत केला होता. 

"माणसाच्या डोक्यात कचेरी असते वं सुमन. आवाज आला म्हणजे फाईल आली. बाकीच्यांच्या डोक्यात ती सरळ अर्थाच्या बाबूकडे जाते. माझ्या डोक्यात पहिलं टेबल सुराच्या बाबूचं. त्यानं शिक्का मारल्याशिवाय फाईल पुढं सरकतच नाई."

त्यामुळे फार घोटाळे होत. एकदा सीताबर्डीवर एका सायकलवाल्यानं त्यांना भर रस्त्यात आईवरून शिवी दिली. बापू कौतुकानं बघतच राहिले. कारण शिवी स्वच्छ काळी पाचमध्ये होती. तिचा अर्थ त्यांना घरी येऊन, हातपाय धुऊन, पाटावर बसल्यावर लागला आणि मग ते जेवताजेवता एकटेच संतापले. 

"आणि माझ्या डोक्यात हो बापू? सुराचा बाबू कुठल्या टेबलावर?" मी विचारलं होतं. 

"तुझ्या डोक्यात," ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "ती पोस्टच मंजूर नाई."

मला राग आला नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गाण्याच्या बाई मला नुसते ओठ हलवायला सांगत. पुढे मी त्याच शाळेत भूगोल शिकवायला लागले तरी प्रार्थनेला ओठच हलवत असे. 

दूधवाल्याला मात्र बापूंचा धसका होता. बापू त्याच्या मापाकडे बघतसुद्धा नसत. कॅनमधून माप भरून वर आलं की चमच्यानं त्यावर टिचकी मारत. "भरलं भांडं खालचा सूर देते. हे वर बोलून राहिलं. बोटभर कमी आहे, भर." दूधवाला आणखी ओतायचा आणि म्हणायचा, "बापूजी, आप आदमी हो की मशीन?" आम्ही बाया आपापली पातेली घेऊन बापूंच्या ओसरीवरच उभ्या राहायचो. त्यांच्या कानाच्या जोरावर गल्लीभर पुरतं दूध मिळायचं.

दूध झालं की ते आत जात, आणि लगेच वाटी वाजे. टण्ण. एकदाच. काशाची वाटी होती ती; उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून घासायला घरोघरी असायची तसली. ती वाजवत, मग घरात अगदी शांत होई, आणि नंतर स्टो पेटल्याचा आवाज येई. मला वाटे देवाला घंटा नसेल, म्हणून वाटी वाजवत असतील. बायको वारल्यापासून त्यांचा संसार तसा दोन पातेली आणि एक झारा एवढाच उरला होता. यमुनाबाई आम्ही राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं.

बापू तसे जातीचे भित्रे. पालीला भीत, तारवाल्याला भीत, डॉक्टरच्या सुईला तर इतके की कचेरीत टोचायला आले की त्या दिवशी रजा. पण कानाचा म्हणाल तर भारी दिमाख. "डोळे गेले तर काठी घेईन," ते म्हणत. "दात गेले तर भात खाईन. कान गेला तर मी गेलो."

आणि एका मे महिन्यात नेमकं तेच सुरू झालं.

नागपूरचा मे. दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, घराघरातून कूलरची घरघर. भोंगा झाला आणि बापू भर उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून आमच्या दारात उभे.

"भोंगा वर गेला का वं?"

"कुठं वर?"

"पांढरी दोन ऐकू आला. काळी एक पाहिजे." त्यांनी घाम पुसला. "ऊन आहे म्हणा. लोखंड तापते. तापलं की गडबड होत असन."

मी म्हटलं, असेल. मला काय, भोंगा वाजला एवढंच कळलं होतं. मी तशी दिलासा द्यायला उतावीळ बाई. कशाला हो म्हणते आहे हे न कळताच हो म्हणते. बापू थोडे शांत होऊन गेले, आणि पाऊस पडायची वाट बघू लागले. एवढ्या आशेनं त्या वर्षी शेतकऱ्यांनीही पाहिली नसेल. 

पाऊस आला. हवा गार झाली. भोंगा उतरला नाही.

गुरुवारी भजनात तर फारच घोळ झाला. बापूंनी पेटीवर नेहमीची पट्टी दाबली आणि चटका बसल्यासारखं बोट उचललं. पुन्हा दाबली. पुन्हा उचललं. मंडळी तोंड उघडून ताटकळलेली. शेवटी ते एक पट्टी खाली सरकले. भजनी मंडळींना ते खालचं गाणं सोपं गेलं, म्हणून सगळे खूश झाले आणि बापूंना म्हणाले, आता दर गुरुवारी असंच. बापूंचा चेहरा मात्र पिठासारखा झाला होता. "बोट एक दाबते, ऐकू दुसरंच येते," ते जाताना मला म्हणाले. "पेटी बिघडली. दुसरं काय असन?"

पेटी सीताबर्डीवर पेटीवाल्याकडे गेली. त्यानं उघडली, फुंकली, झटकली, ठणठणीत आहे म्हणाला. बापूंनी पुन्हा नेली. तिसऱ्यांदा नेली तेव्हा पेटीवाल्यानं वैतागून दुकानातल्या बाकीच्या पेट्या त्यांच्यापुढे मांडल्या. बापूंनी एकेक वाजवून पाहिली. सगळ्या वर गेलेल्या.

"आता सगळ्या पेट्या एकाच वेळी कशा बिघडतीन, बापूसाहेब?" पेटीवाला म्हणाला.

हा प्रश्न बापूंनी घरी आणला. ते दोन दिवस कचेरीत गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर आमच्या फाटकाशी बापू. फाटक उघडताहेत, लावताहेत, उघडताहेत, लावताहेत. आत सासूबाई देवाचं नाव घेत कडी लावून बसलेल्या. 

"तेल घातलं का वं?" मला बघताच ते म्हणाले.

"नाही हो बापू."

"खरं सांग. रागावणार नाई. सासूनं घातलं असन."

"कुणीही नाही घातलं. शपथ."

त्यांच्या हातातून फाटक सुटलं. ते तिथंच आमच्या पायरीवर बसले. इतके दिवस मी ही गंमत घरी रंगवून सांगत होते. आमचे हे पोट धरून हसत होते. आता मला त्यातलं काही हसण्यासारखं आठवेना.

"माझा एक मामा होता," बापू हळूच म्हणाले. "लय हुशार. त्यालेही असंच, दुसऱ्याले ऐकू येत नाई ते ऐकू यायले लागलं. मग एक दिवस टांगा आला अन् त्याले पागलखान्यात नेलं. मी लहान होतो. टांग्याच्या घंटीची पट्टी आजही सांगतो तुले." त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "सारं गाव वर गेलं असन, नाईतर मी सरकलो असन. अन् गाव कसं जाईन वं वर?"

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. सीताबर्डीवरच दवाखाना होता. सुई नाही असं मी आधी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं, तेव्हा ते खुर्चीवर बसले. डॉक्टर वयस्क, शांत, स्वतः थोडं गाणारे. त्यांनी कानात उजेड घालून पाहिलं, कानाशी स्वरकाटा वाजवला, कानाला लावून यंत्र फिरवलं.

"कान उत्तम आहे तुमचा," ते म्हणाले. "पण उमरेडकर, आवाज कान घेतो. त्याला नाव मेंदू देतो. ही तुमच्यासारखी देणगी असते ना, त्यातल्या काही लोकांना वय झालं की सगळं थोडं चढलेलं ऐकू येतं. वेडबिड काही नाही. कुणी सांगितलं तुम्हाला वेड?"

मी सुटकेचा श्वास टाकला. तो बहुधा बाहेरच्या कंपाउंडरलाही ऐकू गेला असेल. बापूंनी मात्र आपला अर्थ लावला.

"म्हणजे सुराचा बाबू म्हातारा झाला. चुकीचा शिक्का मारून राहिला."

डॉक्टरांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"त्याची बदली होईन का साहेब?"

"नाही होणार."

"अन् आणखी सरकन?"

"सरकू शकतं. हळूहळू."

परत येताना सायकलरिक्षात बापू एका कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मला राग यायला लागला. मी म्हटलं, बापू, आता तर पेढे वाटा, डॉक्टर वेड नाही म्हणाले. सूर थोडा वर ऐकू आला तर आला. मला तर अख्ख्या जन्मात एकही नीट ऐकू आला नाही, माझं काय अडलं?

"मले वेडाचं भेव वाटत होतं, हे खरं," ते म्हणाले. "पण त्याच्याहून मोठं भेव दुसरंच होतं. अन् ते डॉक्टरनं खरं करून टाकलं."

मग रिक्षाच्या खडखडाटात त्यांनी मला वाटीची गोष्ट सांगितली. 

यमुनाबाई स्वयंपाकघरातून त्यांना हाक मारत, "अहो". काळी दोन. लग्न झाल्या दिवसापासून काळी दोन. आनंदात तीच, रागात तीच, तापात तीच. उन्हाळ्यात ती बाई कचेरीतून आलेल्या नवऱ्याचे तळपाय काशाच्या वाटीनं घाशी, आणि ती वाटी एकदा हातातून फरशीवर पडली तेव्हा बापू ओरडले, अरे, ही तर तुझ्यासारखी बोलते! वाटीही काळी दोन. यमुनाबाई लाजल्या आणि त्यांनी वाटी तुपासकट लपवून ठेवली.

"तिचा आवाज कुठं धरून ठेवला आहे वं? टेपरेकॉर्डर आपल्यासारख्याकडे कुठून येईन? फोटो आहे, तर फोटोवाल्यानं हसू नका म्हणून दम दिला होता. त्यात ती दुसऱ्याचीच बायको वाटते. मी सकाळी वाटी वाजवतो. वाटी टण्ण म्हणते, अन् त्याच सुरातून ती 'अहो' म्हणते. रोज. मी आलो म्हणतो अन् चहा ठेवतो." त्यांनी पंचानं तोंड पुसलं. "आता वाटी पांढरी तीन बोलते. यमू मागं राहिली, काळी दोनवर. वाटी वाजवतो अन् कोणीच येत नाई. तिले वर ओढून आणायले गेलो तर दुसऱ्याच बाईचा आवाज निघते. अन् असंच सरकत राहिलं तर? मले तिचा आवाजच आठवणार नाई वं सुमन."

रिक्षावाला घंटी वाजवत होता आणि बापूंनी तिची पट्टी सांगितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाटी वाजेनाशी झाली. दूधवाला माप भरून उभा राही, बापू दारापाशी येत नसत. दूध पुन्हा कमी यायला लागलं, आणि आम्हा बायांची त्याबद्दल बोलायची हिंमत होईना. सकाळचं ते टण्ण मला कधी विशेष ऐकू येत नव्हतं. आता ते नसलेलं मला दिवसभर ऐकू येई. शाळेत नकाशासमोर उभी असताना मी एकदम बापूंच्या दाराचा विचार करायची आणि बोट भलत्याच नदीवर टेकायचं.

एका रविवारी मी न राहवून गेले. दार लोटलेलंच. बापू चटईवर भिंतीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली, स्टो थंड. काही खाल्लं का, तर नाही. पाणी प्यायलं का, तर आठवत नाही. मी सासूबाईंच्या आवाजात त्यांच्यावर ओरडले आणि ओट्याकडे वळले. सगळी भांडी खरकटी पडली होती. धुतलेली अशी एक वस्तू होती, फळीवर पालथी घातलेली काशाची वाटी. मी विचार न करता ती घेतली, डब्यातली साखर टाकली, माठातलं पाणी ओतलं आणि चमच्यानं ढवळायला लागले. चमचा काठाला लागला.

"थांब!"

मी दचकले. पाणी हातावर सांडलं. वाटलं, यमुनाबाईंची वाटी विटाळली मी. 

"पुन्हा वाजव," बापू म्हणाले. ते चटईवर ताठ झाले होते. "काठावर. हळू."

मी वाजवली. मला पहिल्यासारखीच वाटली.

"आणखी पाणी घाल. थोडं. थोडंच वं!"

मी थोडं घातलं, वाजवलं. पुन्हा थोडं घातलं, वाजवलं. बापू माझ्या हाताकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, जिथे आता पाटा-वरवंटा उभा करून ठेवला होता तिकडे बघत होते. जन्मभर दूधवाल्याला ज्यांनी सांगितलं की भरलं भांडं खालचा सूर देतं, त्यांना घरातल्या वाटीच्या बाबतीत ते सुचलं नव्हतं. भीतीनं माणूस असा होतो. 

मी आणखी चमचाभर पाणी घातलं आणि काठाला चमचा लावला. बापूंच्या चेहऱ्यावरची शीर न् शीर सैल झाली. ते भिंतीला हात देऊन उठले.

"आलो वं," ते त्या कोपऱ्याला म्हणाले. "आलो, आलो."

मी साखरेचं पाणी तिथंच ठेवलं, घरी आले आणि पदरात तोंड घालून रडले. सासूबाईंनी विचारलं, गेले का? मी म्हटलं, नाही, चहा ठेवताहेत.

याला आता बरीच वर्षं झाली. बापू निवृत्त झाले. गुरुवारची पेटी त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली, आणि भजनी मंडळ पुन्हा वरच्या पट्टीत घसा ताणू लागलं. आमचं फाटक गंजून पडलं तेव्हा नवीन बसवलं, ते करकरतच नाही. बापू त्याला माफ करायला तयार नाहीत. त्यांचे हात हल्ली फार कापतात, म्हणून सकाळी दूध झालं की मी जाते. वाटीत पाणी मी ओतते. मला त्यातलं आजही ओ की ठो कळत नाही. म्हणून मी वाटीकडे बघतच नाही, बापूंच्या तोंडाकडे बघत ओतते, वाजवते. तोंड सैल झालं की हात थांबवते.

पण डॉक्टर म्हणाले होते तसं ते सरकतंच आहे. पहिल्या वर्षी पाव वाटी पाणी लागायचं, मग अर्धी लागायला लागली. मी बापूंना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी काढलं नाही, पण आम्हा दोघांनाही वाटीचा काठ दिसतो. रोज सकाळी दूध घेऊन आत शिरताना मला आधी तीच भीती वाटते. त्या वाटीत मावून मावून पाणी किती मावणार? वाटी भरली आणि सूर उतरला नाही तर त्या माणसाच्या तोंडाकडे मी कशी बघू?

आज तर मी ओतत गेले, ओतत गेले आणि त्यांचं तोंड बदलेचना. पाणी काठाला आलं. मी चमच्याच्या टोकानं शेवटचा थेंब सोडला, वाटीवर पाणी फुगून उभं राहिलं, आणि मी श्वास धरून ती वाजवली.

बापू पाटा-वरवंट्याच्या कोपऱ्याकडे वळले.

"आलो वं यमू," मग ते म्हणाले. "आता अगदी आलोच."